चेंडूच्या उसळीचा हिशेब

श्रोतेहो, चेंडू जमिनीवर सोडला की तो वर उसळतो, ही गोष्ट रांगत्या मुलालाही ठाऊक असते. ती सांगण्यासाठी कॉलेजातल्या मास्तराने आकाशवाणीवर यायला हवे असे मुळीच नाही. परंतु यासंबंधी तीन साधे प्रश्न विचारून पाहा. चेंडू दुप्पट उंचीवरून सोडला तर तो दुप्पट उसळेल काय? रबरी चेंडू आणि पोलादी गोळी यांत जास्त उसळणारे कोण? आणि एक मीटरवरून सोडलेला चेंडू साठ सेंटिमीटरच वर आला, तर उरलेले चाळीस सेंटिमीटर गेले कुठे? या प्रश्नांची उत्तरे मुलेच काय, मोठी माणसेही अंदाजाने देतात, आणि अंदाज पुष्कळदा फसतो. अंदाज फसला म्हणजेच शास्त्राचा धडा सुरू झाला असे समजावे. या धड्याला प्रयोगशाळा लागत नाही. एक भिंत, एक मोजपट्टी आणि दोनचार तऱ्हेचे चेंडू असले म्हणजे एकशिक्षकी शाळेतही तो उत्तम तऱ्हेने शिकवता येतो.

प्रयोग कसा करावा

प्रथम शाळेच्या भिंतीवर जमिनीपासून दोन मीटर उंचीपर्यंत खडूने किंवा गेरूने खुणा कराव्या. दर दहा सेंटिमीटरला एक लहान रेघ आणि दर पन्नासला एक मोठी रेघ पुरे. भिंतीच्या पायथ्याशी फरशी किंवा सिमेंटची पक्की जमीन असावी. एका मुलाने चेंडू खुणेसमोर धरावा, दुसऱ्याने उसळी पाहावी आणि तिसऱ्याने आकडा लिहावा.

यात तीन पथ्ये पाळली पाहिजेत. पहिले पथ्य म्हणजे चेंडू फेकायचा नाही, नुसता सोडायचा. हाताने किंचित जरी जोर दिला तरी तो जोर उंचीच्या खात्यात जमा होतो आणि सगळा हिशेब बिघडतो. दुसरे पथ्य असे की उंची चेंडूच्या तळापासून मोजावी, सोडतानाही आणि उसळल्यावरही. एकदा तळापासून आणि एकदा माथ्यापासून मोजले, तर चेंडूच्या जाडीएवढी चूक होते. तिसरे पथ्य पाहणाऱ्याच्या डोळ्याचे. त्याचा डोळा चेंडू जिथवर येईल असे वाटते त्या उंचीवर असावा. उभे राहून वरून पाहिले तर आकडा कमी दिसतो, बसून खालून पाहिले तर जास्त दिसतो. म्हणून प्रथम एकदोन उसळ्या नुसत्या पाहून घ्याव्या, डोळा त्या उंचीला आणावा आणि मग मोजणी सुरू करावी. हाताशी मोबाईल असेल तर त्यावर सावकाश चित्रण करून नेमकी खूण पाहता येते, पण त्यावाचून अडत नाही. प्रत्येक उंचीवरून पाच वेळा चेंडू सोडावा आणि पाचही आकडे लिहून त्यांची सरासरी काढावी.

पन्नास, शंभर, दीडशे आणि दोनशे सेंटिमीटर अशा चार उंची घ्याव्या. समजा, शंभरावरून सोडलेला रबरी चेंडू साठ सेंटिमीटर उसळला. तर पन्नासावरून सोडला असता तो तीसच्या आसपास येईल आणि दीडशेवरून सोडला असता नव्वदच्या आसपास. म्हणजे उंची वाढली की उसळी वाढते हे तर खरेच. पण त्यातली खरी गंमत अशी की चेंडू दर खेपेस आपल्या उंचीचा ठरावीक हिस्सा परत करतो. रुपयाला साठ पैसे, असा त्याचा भाव असतो. रुपया द्या, साठ पैसे परत. दोन रुपये द्या, एक रुपया वीस पैसे परत. मग पहिल्या उसळीनंतर चेंडू तसाच चालू ठेवला तर काय होईल, हे मुले स्वतःच सांगतील. साठाचे साठ टक्के छत्तीस, छत्तिसाचे साठ टक्के सुमारे बावीस, त्यानंतर तेरा. टक्केवारीचे गणित फळ्यावर जेवढे रुक्ष वाटते, तेवढे ते इथे वाटत नाही.

आमच्या रेडिओला चेंडू दिसत नाही, पण ऐकू मात्र येतो. चेंडू फरशीवर सोडून डोळे मिटून ऐका. टप्, मग जरा वेळाने टप्, मग लवकर टप्, आणि शेवटी सगळे टप्पे एकमेकांत मिसळून गेल्यासारखे होतात. तबलजीने ठेका वाढवत न्यावा तसा हा ठेका वाढतो, आणि तोही नियमाने वाढतो. दोन टप्प्यांमधला प्रत्येक अवकाश हा आधीच्या अवकाशाचा जवळजवळ ठरावीक हिस्सा असतो. या अवकाशावरून उसळीची उंचीसुद्धा काढता येते. दोन टप्प्यांच्या मध्ये बरोबर एक सेकंद गेला, तर त्या उसळीत चेंडू सुमारे एक मीटर तेवीस सेंटिमीटर वर गेला होता असे समजावे. अर्धा सेकंद गेला, तर उंची याच्या चौथाई, म्हणजे सुमारे एकतीस सेंटिमीटर.

उंची आणि वेग

आता दोन मीटरचा आकडा पाहा. नियमाप्रमाणे उसळी एकशेवीस यायला हवी, पण प्रत्यक्षात ती थोडी कमी भरण्याचा संभव आहे. याची कारणे दोन आहेत. जास्त उंचीवरून आलेला चेंडू जास्त वेगाने आदळतो. एक मीटरवरून सोडलेल्या वस्तूचा जमिनीशी वेग सेकंदाला सुमारे ४.४ मीटर असतो, तर चार मीटरवरून सोडलेल्या वस्तूचा सुमारे ८.९ मीटर. म्हणजे उंची चौपट केली की वेग दुप्पट होतो. वेग वाढला की चेंडू जास्त चेपतो, आणि जास्त चेपला की त्याच्या अंगात होणारे घर्षणही वाढते. त्यामुळे परत मिळणारा हिस्सा जरा घटतो. हे पहिले कारण.

दुसरे कारण म्हणजे हवा. हवा कोणाला फुकट वाट देत नाही. जड गोळीला ती फारशी अडवू शकत नाही, पण हलक्या चेंडूला चांगलीच अडवते. टेबल टेनिसचा चेंडू ४० मिलिमीटर व्यासाचा आणि अवघा २.७ ग्रॅम वजनाचा असतो. तो उंचावरून सोडला की काही वेळाने हवेचा विरोध त्याच्या वजनाएवढा होतो आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे ९ मीटरच्या पुढे जातच नाही. म्हणून हा चेंडू वारा नसताना दहाव्या मजल्यावरून सोडला काय आणि विसाव्या मजल्यावरून सोडला काय, उसळी जवळपास सारखीच येणार. दुप्पट उंचीला दुप्पट उसळी हा नियम खरा, पण तो बेताच्या उंचीपुरता खरा. नियमाला मर्यादा असते आणि ती मर्यादा मोजूनच कळते.

गेलेली उंची कुठे गेली?

चेंडू हातात उचलून धरला म्हणजे आपण त्याला काही ऊर्जा देतो. सोडल्यावर तीच ऊर्जा वेगाच्या रूपाने दिसते. तो जमिनीला टेकतो, क्षणभर चेपतो आणि पुन्हा आपला आकार घेताना जमिनीला मागे रेटून वर उडतो. हा सारा कारभार सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळात उरकतो. चेपताना जेवढी ऊर्जा आत साठली तेवढी सगळीच्या सगळी आकार परत घेताना बाहेर पडली असती, तर चेंडू हातापर्यंत परत आला असता. पण आतले कण एकमेकांवर घासतात आणि काही ऊर्जा उष्णतेत जाते. थोडी जमिनीच्या कंपनात जाते, आणि अगदी अल्पशी त्या टप् आवाजात.

उष्णतेत जाते म्हणजे काय हे मुलांना हाताने दाखवावे. लोखंडी तार एकाच जागी दहाबारा वेळा भराभर वाकवून तिथे बोट लावावे. ती जागा गरम लागते. चेंडूच्या अंगातही असेच होते. मात्र एका टप्प्याची उष्णता इतकी थोडी असते की हाताला कळत नाही. स्क्वॅश नावाच्या खेळात ती चांगली कळते. त्याचा रबरी चेंडू थंड असताना मुळी उसळतच नाही म्हणा ना. म्हणून खेळाडू आधी तो भिंतीवर मारमारून तापवतात आणि मग खेळाला आरंभ करतात. आपल्याकडेही एक रबरी चेंडू तासभर बर्फात आणि तसाच दुसरा चेंडू उन्हात ठेवून दोघांची उसळी मोजून पाहण्यासारखी आहे.

या हिशेबाची कसोटी पाहायची असेल तर एक गमतीचा प्रयोग मोकळ्या अंगणात करावा. मोठ्या चेंडूच्या डोक्यावर लहान रबरी चेंडू ठेवून दोन्ही एकदम सोडावे. पाहणाऱ्यांनी तोंड जरा दूर ठेवावे, कारण लहान चेंडू सोडलेल्या उंचीच्या कितीतरी वर उडतो. मग आपला नियम मोडला काय? नाही. मोठ्या चेंडूकडे पाहा, तो बिचारा जेमतेम उठतो. त्याची ऊर्जा धाकट्याला मिळाली. दोघांचा मिळून हिशेब केला तर जमेपेक्षा खर्च जास्त होत नाही.

पदार्थाचा गुण

आता चेंडू बदलावे. काचेची गोटी, सायकलच्या दुकानात मिळणारा पोलादी छर्रा, टेनिसचा जुना चेंडू, चिंध्यांचा घट्ट बांधलेला चेंडू आणि ओल्या मातीचा गोळा अशी पाच पात्रे घ्यावी. मातीचा गोळा पडतो तिथेच बसतो. चिंध्यांचा चेंडू वीतभर उठला तरी पुष्कळ झाले. मुलांची अपेक्षा अशी असते की रबर मऊ आहे म्हणून उसळते, तेव्हा कठीण छर्रा मुळीच उसळणार नाही. तोच छर्रा लोहाराच्या ऐरणीवर सोडून पाहा. तो टण्कन असा उडतो की पुष्कळशा रबरी चेंडूंना मागे टाकील.

म्हणून मऊपणा निराळा आणि स्थितिस्थापकपणा निराळा, हे इथे पक्के समजावून द्यावे. चेपले जाणे हा एक गुण आणि चेपल्यावर मूळ आकार पुरतेपणी परत घेणे हा दुसरा. ओली माती चेपते, पण आकार परत घेत नाही. पोलाद फारच थोडे चेपते, पण जेवढे चेपते तेवढे जवळजवळ सगळे परत देते. रबराजवळ दोन्ही गुण आहेत. ते पुष्कळ चेपते आणि बऱ्यापैकी परतही देते, म्हणूनच खेळायला ते सोयीचे. मेक्सिकोत सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचे रबरी चेंडू सापडले आहेत. झाडाच्या चिकात एका वेलीचा रस मिसळून तिथले लोक ते तयार करीत. त्यामानाने गंधक घालून रबर टिकाऊ करण्याची चार्ल्स गुडइयरची युक्ती अगदी अलीकडची, १८३९ सालची. रबराची जात बदलली तरी भाव बदलतो. १९६५ साली अमेरिकेत एका नव्या कृत्रिम रबराचा छोटा चेंडू बाजारात आला. तो सोडलेल्या उंचीच्या सुमारे नव्वद टक्के वर येत असे.

ही तुलना आकड्यांत मांडण्याचे काम न्यूटनने केले. १६८७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘प्रिन्सिपिया’ या ग्रंथात त्याने दहा फुटी दोऱ्यांना टांगलेले गोळे एकमेकांवर आदळवून घेतलेले प्रयोग दिले आहेत. घट्ट वळलेले लोकरीचे गोळे ९ वेगाने जवळ आले, तर सुमारे ५ वेगाने दूर जात. काचेचे गोळे १६ वेगाने आले, तर सुमारे १५ वेगाने जात. पोलादाचे जवळपास आल्या वेगाने परतत आणि बुचाचे त्याहून थोडे कमी. उसळीची उंची वेगाच्या वर्गाप्रमाणे असते. म्हणून हेच प्रमाण उंचीत मांडले तर काचेला शंभरास अठ्ठ्याऐंशी आणि लोकरीला शंभरास एकतीस असा भाव पडतो. या मोजणीत न्यूटनने हवेचा विरोध किती, हेही आधी स्वतंत्रपणे मोजून वजा केले होते, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

परंतु टाळी एका हाताने वाजत नाही. उसळी हा एकट्या चेंडूचा गुण नाही. चेंडू आणि जमीन या जोडीचा तो गुण आहे. तीच काचेची गोटी शहाबादी फरशीवर नाचते, सारवलेल्या जमिनीवर एकदा उठते आणि वाळूत तर रुतूनच बसते. म्हणून ‘हा चेंडू किती उसळतो’ एवढाच प्रश्न अपुरा आहे. कशावर, किती उंचीवरून आणि कोणत्या हवामानात, हेही विचारले पाहिजे. खेळांचे नियम करणाऱ्यांना हे नेमके ठाऊक असते. नेहमीच्या सामन्यांतला टेनिसचा चेंडू २५४ सेंटिमीटरवरून काँक्रीटवर सोडला असता १३५ ते १४७ सेंटिमीटर उसळला पाहिजे, असा नियम आहे. टेबल टेनिसमध्ये परीक्षा टेबलाची होते. प्रमाणित चेंडू ३० सेंटिमीटरवरून सोडला तर टेबलावर सगळीकडे सुमारे २३ सेंटिमीटरची सारखी उसळी मिळाली पाहिजे.

मार कोण खातो?

इथवर आपण परत येणाऱ्या हिश्शाकडे पाहिले. पण संसारात पुष्कळ वेळा न परतणारा हिस्साच महत्त्वाचा ठरतो. ऊर्जा उसळीत परत आली नाही, तर ती कोणीतरी पोटात घातली असे समजावे. ज्याने ती घेतली त्याने मार खाल्ला.

झाडावरून हापूसचा आंबा कातळावर पडला तर तो चेंडूसारखा उसळत नाही. मार त्याच्या गराने खाल्लेला असतो. वरून साल शाबूत दिसते, पण आतल्या पेशी फुटलेल्या असतात आणि चार दिवसांत तिथेच डाग पडून फळ सडू लागते. म्हणून जाणता बागायतदार आंबा झेल्याने उतरवतो आणि पेटीत खाली पेंढा घालतो. पेंढा चेपतो, म्हणजे फळाच्या वाट्याचा मार तो स्वतः घेतो. आखाड्याच्या हौदात तांबडी माती उकरून भुसभुशीत करतात ती याचसाठी. पैलवान आपटला तरी मार मातीने खावा, पैलवानाच्या हाडांनी नव्हे.

मोटारसायकलवाल्याच्या हेल्मेटात हीच युक्ती आहे. बाहेरचे टणक कवच सर्वांना दिसते, पण जीव वाचवण्याचे मोठे काम आतला थर्मोकोलसारखा जाड थर करतो. डोके आदळले की तो चेपतो आणि चेपलेलाच राहतो. तो रबरासारखा उसळून आला असता, तर डोक्याला उलट दुसरा धक्का बसला असता. यातून दोन व्यवहारी गोष्टी निघतात. आतला थर नसलेली नुसती प्लास्टिकची टोपी हेल्मेटाचे काम करू शकत नाही, आय. एस. ४१५१ हा मानक क्रमांक आणि आय. एस. आय.ची खूण पाहूनच हेल्मेट घ्यावे. आणि ज्या हेल्मेटाने एकदा जोराचा अपघात सोसला, ते वरून कितीही धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. त्याचा आतला थर आपले काम करून संपलेला असतो. गावातल्या तरुण मंडळींच्या कानांवर एवढे घातले तरी या भाषणाचे सार्थक झाले.

उसळीवरून पदार्थाची पारखही होते. हातोडा थंड ऐरणीवरून उडी घेतो, पण तापलेल्या लोखंडावर बसून राहतो. हे लोहाराच्या हाताला पुस्तकाशिवाय कळते. हेच तत्त्व धरून १९४८ च्या सुमारास अर्न्स्ट श्मिट या स्विस अभियंत्याने काँक्रीट तपासण्याचा हातोडा तयार केला. स्प्रिंगच्या जोराने आतला जड दांडा काँक्रीटवर टेकवलेल्या खुंटीला ठोसा देतो आणि किती मागे उसळला ते पट्टीवर दिसते. उसळी कमी आली तर काँक्रीटचा पृष्ठभाग कमकुवत असल्याचा संशय घ्यावा. एकट्या या आकड्यावर अंतिम निकाल देत नाहीत, पण पूल आणि इमारती न फोडता तपासताना तो मोठा उपयोगी पडतो. आज आपल्या देशातही हे उपकरण वापरात आहे.

शिक्षकबंधुभगिनींना शेवटी एकच विनंती. हा प्रयोग करताना मुलांच्या तक्त्यात काही आकडे नियमाशी जुळणार नाहीत. एखाद्याचा दोन मीटरचा आकडा कमी भरेल, एखाद्याची गोटी फरशीच्या सांध्यावर पडून तिरकी जाईल. अशा वेळी मुले शेजाऱ्याच्या वहीत डोकावून आकडा दुरुस्त करतात, आणि आपणही ‘बरोबर उत्तर’ मिळाले म्हणून खूण करून पुढे जातो. तसे होऊ देऊ नये. न जुळणारा आकडा खोडायचा नाही. त्याच्या शेजारी कारण शोधून लिहायचे आणि प्रयोग पुन्हा करायचा. ज्या मुलाला दोन मीटरवर उसळी कमी का भरली हे स्वतःच्या मोजणीतून सुचले, त्याला हवेचा विरोध आणि रबराचे आतले घर्षण हे दोन्ही धडे मिळाले. येत्या शनिवारी खेळाच्या तासाला एक भिंत आखून घ्या, प्रत्येक गटाला निरनिराळी जमीन वाटून द्या, आणि सगळ्यांचे आकडे फळ्यावर जसे आले तसे मांडा.